भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

नाशिकहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग मनमाड आणि नांदगाव ओलांडून चाळीसगावला पोहोचतो. मनमाडच्या पुढे या मार्गाच्या उजव्या हातास जी डोंगरांची ओळ सोबत करते ती सातमाळा-अजिंठा रांग होय. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून फुटून ती पूर्वेकडे गेली आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस काही कोसांवर, याच रांगेच्या पायथ्याशी, पाटणे अथवा पाटण नावाचे गाव आहे. जवळच पाटणादेवीचे जुने मंदिर आणि वरच्या बाजूस पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. आज अरण्याने वेढलेल्या या ठिकाणी तेराव्या शतकाच्या आरंभी एक नांदती बाजारपेठ होती, आणि त्या बाजारपेठेच्या उत्पन्नावर एका गणितज्ञाच्या ग्रंथांचे अध्यापन करणारा मठ चालत असे. तो गणितज्ञ म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यांच्या चरित्राविषयी जे सांगितले जाते त्यातील पुष्कळसा भाग दंतकथेचा आहे, आणि त्यांच्या कार्याविषयी जे सांगितले जाते ते बहुधा काही उत्तरांच्या कौतुकापाशी थांबते. चरित्राला कोणता पुरावा आहे, कार्याचे मर्म उत्तरांत आहे की रीतींत, आणि हे कार्य पुढील पिढ्यांपर्यंत कोणत्या साधनाने पोहोचले, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. तिन्ही प्रश्नांच्या विचारात पाटणचा शिलालेख साहाय्यक ठरतो.

१. चरित्राची साधने

भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’च्या शेवटी स्वतःविषयी थोडी माहिती दिली आहे. आपला जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये, आपण ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, असे ते सांगतात. ही वर्षे जुन्या ज्योतिषग्रंथांच्या प्रघाताप्रमाणे अंकांऐवजी शब्दांनी दर्शविलेली आहेत. रस सहा असल्यामुळे तो शब्द सहाचा वाचक, गुण तीन म्हणून तो तिनाचा, पृथ्वी एकच म्हणून ती एकाची. आणि हे अंक एकं स्थानापासून डावीकडे मांडीत जावयाचे. पद्याच्या वृत्तात बांधलेले असे शब्द नकलकाराच्या हातून सहसा बदलत नाहीत. त्यामुळे भास्कराचार्यांच्या जन्मवर्षाविषयी जी निश्चिती आहे ती आपल्याकडील बहुतेक प्राचीन ग्रंथकारांच्या बाबतीत लाभत नाही. त्यांचे गोत्र शाण्डिल्य, वडिलांचे नाव महेश्वर. वडील हेच त्यांचे गुरू. आणि वसतिस्थान सह्य पर्वताच्या आश्रयास असलेले विज्जडवीड नावाचे नगर. शके ११०५ (इ. स. ११८३) हे आरंभवर्ष धरून त्यांनी ‘करणकुतूहल’ हा व्यवहारोपयोगी ज्योतिषग्रंथ रचला. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते.

ग्रंथकाराच्या स्वतःच्या शब्दांतून मिळणारे चरित्र एवढेच आहे. ते उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. परंतु त्यांच्या आत्मकथनात किंवा पाटणच्या लेखात त्यास आधार नाही. उज्जयिनीची मध्यरेषा सर्वच सिद्धान्तकार गणनेसाठी घेत असत. त्यावरून कोणी उज्जयिनीचा रहिवासी ठरत नाही. लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहिला, ही कथाही अशीच आहे. फैजीने इ. स. १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती प्रसृत झाली. मूळ ग्रंथात लीलावतीला उद्देशून केलेली संबोधने आहेत, पण ती कन्या असल्याचे कोठेही म्हटलेले नाही.

२. पाटणचा शिलालेख

दुसरे साधन शिलालेखाचे. मुंबईचे सुप्रसिद्ध संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांनी पाटण येथील हा लेख उजेडात आणला. इ. स. १८६५ मध्ये आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिर्विदांच्या कालनिर्णयावर त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात या लेखाचा उपयोग केलेला आहे. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले.

लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या नऊ पिढ्या दिल्या आहेत: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चंगदेव. यांपैकी भास्करभट्टास भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिली असे लेख म्हणतो. भोजाचा काळ अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येत असल्यामुळे त्यानंतरच्या पाच पिढ्या सुमारे एका शतकात बसवाव्या लागतात. हे अशक्य नाही; तथापि शिलालेखातील वंशप्रशस्ती ही प्रशस्तीच असते, हे लक्षात ठेवून तिचा उपयोग केला पाहिजे. अलीकडच्या पिढ्यांविषयी मात्र लेख समकालीन आहे. भास्कराचा पुत्र लक्ष्मीधर हा सर्व शास्त्रांत निपुण आहे असे जाणून यादव राजा जैत्रपाल याने त्यास या नगरातून आपल्याकडे नेले व पंडितांचा अग्रणी केले. त्याचा पुत्र चंगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आणि या चंगदेवाने आपल्या पितामहाच्या ग्रंथांच्या प्रसारासाठी मठ स्थापन केला. ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि भास्कराचे इतर ग्रंथ, तसेच त्याच्या वंशातील इतरांनी रचलेले ग्रंथ, या मठात नियमाने विवरून सांगितले जावेत, असा मठाचा हेतू लेखात स्पष्ट शब्दांत आला आहे.

मठाला दान दिले ते त्या प्रदेशावर यादवांचे मांडलिक म्हणून राज्य करणाऱ्या निकुंभ वंशातील सोइदेवाने. त्याचा भाऊ हेमाडिदेव याचेही नाव लेखात आहे. दानाचा दिवस प्रभव संवत्सरातील श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचे पर्व असा दिला आहे. लेखात शकवर्ष ११२८ असले तरी संवत्सर आणि ग्रहण यांचा मेळ घालता तो दिवस इ. स. १२०७ च्या ऑगस्टमध्ये येतो. ज्योतिर्गणिताच्या मठाला ग्रहणाच्या दिवशी दान मिळावे हे त्या काळच्या रूढीस धरूनच आहे.

लेखाचा पूर्वभाग संस्कृत पद्यात आहे, पण उत्पन्नाची व्यवस्था सांगणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. या कारणाने मराठी भाषेच्या इतिहासातही या लेखाला मानाचे स्थान मिळाले आहे. बाजारात जो माल येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला मिळावे. येथे जे काही मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा, अशी व्यवस्था त्यात आहे. वंशाची थोरवी पंडितांसाठी संस्कृतात, आणि ज्यांनी प्रत्यक्ष द्यावयाचे त्या व्यापाऱ्यांसाठी, तेल्यांसाठी व मापाऱ्यांसाठी त्यांच्या बोलीत, अशी ही विभागणी आहे. उच्च गणिताच्या अध्यापनाचा खर्च कोणत्या वस्तूंतून निघत होता, याचा इतका तपशीलवार पुरावा विरळाच सापडेल.

३. विज्जडवीड कोठे होते?

विज्जडवीड या नावावरून विजापूर, बीड, बिदर अशी अनेक स्थाने सुचविली गेली आहेत. केवळ नावाच्या साम्यावर उभ्या असलेल्या या तर्कांची अडचण अशी की, भास्कराचार्यांनी सांगितलेली सह्याद्रीची खूण त्यांपैकी कोणासही नीट लागू पडत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या इ. स. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रश्नाची चर्चा केलेली आहे.

पाटणच्या बाजूने तीन गोष्टी मांडता येतात. पहिली, लक्ष्मीधराला ‘या नगरातून’ नेले असे लेख म्हणतो. म्हणजे भास्कराचा पुत्र पाटण येथे राहत होता. दुसरी, गिरणेच्या काठी, चाळीसगाव तालुक्यातच, बहाळ येथे शके ११४४ (इ. स. १२२२) चा दुसरा एक लेख आहे. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा पुत्र गणपती, त्याचा पुत्र अनंतदेव, अशी परंपरा त्यात असून, सिंघणाचा ज्योतिषी असलेल्या या अनंतदेवाने तेथे भवानीचे मंदिर बांधल्याचे त्यात सांगितले आहे. एकाच घराण्याच्या दोन शाखा एकाच परिसरात नांदत होत्या, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. तिसरी, सातमाळा रांग ही सह्याद्रीचीच शाखा असल्यामुळे तिच्या पायथ्याच्या गावास सह्याश्रित म्हणणे यथार्थ आहे.

यावरून भास्कराचार्यांचे कुटुंब या परिसराशी दृढ संबद्ध होते एवढे निश्चित म्हणता येते. पाटण हेच विज्जडवीड, असा अंतिम निर्णय देण्यास मात्र लेखाचा आधार पुरा पडत नाही, कारण त्यात विज्जडवीड हे नाव नाही. हा सारा प्रदेश यादवांच्या सेउणदेशात मोडत होता. यादवांची आरंभीची ठाणी चांदवड (चंद्रादित्यपूर) व सिन्नर ही नाशिक परिसरातच होती. भास्कराचार्यांचे वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असताना यादव सेउणचंद्राने दिलेल्या दानाचा लेख अंजनेरी येथे आहे. चालुक्यांचे मांडलिक असलेले हे घराणे बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस स्वतंत्र राज्य करू लागले. भास्कराचार्यांचे आयुष्य या संक्रमणकाळात गेले, आणि त्यांच्या पुत्रपौत्रांना स्थिर झालेल्या राज्याचा आश्रय मिळाला.

४. कुट्टक

‘सिद्धान्तशिरोमणि’चे चार भाग आहेत: ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’. आर्यभट, ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ इत्यादी पूर्वाचार्यांचे ऋण भास्कराचार्य मान्य करतात. त्यांचा विशेष रीतींची व्यवस्था लावण्यात, त्या अधिक व्यापक करण्यात आणि उपपत्ती देण्यात आहे. आपल्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले. उपपत्तीवाचून गणितज्ञाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातील संशयही फिटत नाही, असे त्यांचे मत होते.

कुट्टक हा प्रकार उदाहरणादाखल घेता येईल. कोणत्या संख्येने २२१ ला गुणून त्यात ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल, असा प्रश्न ‘लीलावती’त आहे. तिन्ही संख्यांस १३ ने भाग जातो. म्हणून भाज्य १७, क्षेप ५ आणि हार १५ असे लहान रूप मिळते. आता भाज्य व हार यांचा परस्परांनी भागाकार करावयाचा. १७ ला १५ ने भागले असता लब्धी १, शेष २. १५ ला २ ने भागले असता लब्धी ७, शेष १. या लब्धी एकाखाली एक लिहून त्यांखाली क्षेप ५ आणि शेवटी शून्य मांडले म्हणजे १, ७, ५, ० अशी वल्ली तयार होते. खालून वर जाताना उपान्त्य अंकाने वरच्या अंकास गुणून खालचा अंक मिळवावयाचा: ७ गुणिले ५ अधिक ० म्हणजे ३५, १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४०. ही दोन फळे ४० व ३५. त्यांतून अनुक्रमे १७ व १५ यांच्या पटी वजा केल्या असता ६ व ५ उरतात. गुणक ५, लब्धी ६. पडताळा असा की १७ गुणिले ५ अधिक ५ म्हणजे ९०, आणि १५ गुणिले ६ म्हणजेही ९०. वल्लीतील लब्धींची संख्या विषम असल्यास शेवटी काय फेरफार करावयाचा आणि क्षेप ऋण असल्यास काय, हेही भास्कराचार्य सांगतात.

ही रीत इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’पासून चालत आली आहे. तिची गरज ज्योतिषातून उत्पन्न झाली. ग्रहाचा उरलेला भाग ज्ञात असता आरंभापासून किती दिवस लोटले हे काढावयाचे म्हणजे कुट्टकच सोडवावा लागतो. याच गरजेतून चीनमध्येही याच जातीचे गणित वाढले. ‘सुन्-त्झू’च्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन चिनी अंकगणितात, जिला ३ ने भागता २, ५ ने भागता ३ आणि ७ ने भागता २ शेष राहतात अशी संख्या विचारली आहे, उत्तर २३. या प्रकारची सर्वसामान्य रीत चिन् च्यु-शाओ याने इ. स. १२४७ च्या आपल्या ग्रंथात दिली. परस्पर भागाकार हाच तिचाही गाभा आहे. पाटणच्या मठाला दान मिळाले तेव्हा चिन् च्यु-शाओ हा बालवयात होता. दोन दूरच्या देशांत एकाच शतकाच्या आगेमागे एकच विषय पूर्णत्वास गेला, तो दोन्हीकडे पंचांगाच्या निकडीने.

५. चक्रवाल

वर्गप्रकृती हे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे शिखर होय. दिलेल्या संख्येने (प्रकृतीने) एका वर्गाला गुणून त्यात एक मिळविले असता पुन्हा वर्गच यावा, असे पूर्णांक काढावयाचे. पहिल्या वर्गाच्या मुळास कनिष्ठ आणि दुसऱ्याच्या मुळास ज्येष्ठ म्हणतात. एकाऐवजी दुसरी संख्या मिळवावी लागली तर ती क्षेप. दोन उत्तरांपासून तिसरे निर्माण करण्याची ‘भावना’ ही रीत ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिली होती. पण इष्ट क्षेपापर्यंत नेणारा खात्रीचा मार्ग तिच्यात नव्हता. तो चक्रवालाने मिळाला.

प्रकृती ६१ असता काय होते ते पाहण्यासारखे आहे. कनिष्ठ १ घेतल्यास ६१ मध्ये ३ मिळवून ६४ हा वर्ग होतो; म्हणून ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता कनिष्ठास भाज्य, ज्येष्ठास क्षेप आणि क्षेपास हार कल्पून कुट्टक करावयाचा; म्हणजे असा गुणक शोधावयाचा की त्यात ८ मिळविले असता ३ ने भाग जावा. असे गुणक १, ४, ७, १० इत्यादी आहेत. त्यांतील ज्याचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ तो, म्हणजे ७, स्वीकारावयाचा. ७ अधिक ८ म्हणजे १५, भागिले ३ म्हणजे ५; हे नवे कनिष्ठ. ६१ मधून ४९ वजा करून ३ ने भागले असता ४. वर्ग प्रकृतीतून वजा केल्यामुळे चिन्ह उलट, म्हणून नवा क्षेप ऋण ४. ज्येष्ठ ३९ येते, कारण ६१ गुणिले २५ उणे ४ म्हणजे १५२१, हा ३९ चा वर्ग.

येथे चक्राचे आणखी फेरे करता येतात. पण क्षेप ऋण ४ असल्यामुळे जवळची वाट उपलब्ध होते. कनिष्ठ व ज्येष्ठ यांस २ ने भागले की क्षेप ऋण १ होतो. मात्र मुळे अपूर्णांकात, ५/२ व ३९/२, येतात. यांची स्वतःशी भावना केल्यास १९५/२ व १५२३/२, क्षेप धन १. त्यांची पुन्हा पहिल्या जोडीशी भावना केल्यास ३८०५ व २९७१८ हे पूर्णांक, क्षेप ऋण १. शेवटी यांची तुल्यभावना केली म्हणजे कनिष्ठ २२६१५३९८० आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९ मिळते. क्षेप १. एवढी मोठी संख्या अवघ्या चार-पाच पायऱ्यांत हाती येते, आणि प्रत्येक पायरी विद्यार्थ्याला पडताळून पाहता येते.

इ. स. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने याच प्रकारचे प्रश्न युरोपातील विद्वानांपुढे आव्हान म्हणून ठेवले तेव्हा त्यांतही ६१ हीच संख्या होती. ब्राउंकर व वॉलिस यांनी रीत काढली. ती नेहमी यशस्वी होते याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांज याने दिली. चक्र नेहमीच इष्ट क्षेपाशी पोहोचते, याची सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ही उणीव लपविण्याचे कारण नाही. चक्रवालाचे गुणधर्म आधुनिक पद्धतीने तपासण्याचे महत्त्वाचे काम ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ पासून केले. तसेच, चक्रवालाचे आद्यत्व केवळ भास्कराचार्यांकडे देणेही आता शक्य नाही. उदयदिवाकराच्या इ. स. १०७३ च्या टीकेत जयदेव नावाच्या पूर्वाचार्याची याच रीतीची पद्ये उद्धृत केलेली आहेत, हे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. यामुळे भास्कराचार्यांची थोरवी उणावत नाही, पण तिचे स्वरूप नीट कळते. त्यांनी रीत सुघटित केली, कठीण उदाहरणे निवडून तिचे सामर्थ्य दाखविले आणि ती शिकविण्याजोगी केली.

६. तात्कालिक गती, गोलपृष्ठ आणि शून्य

‘ग्रहगणिता’त भास्कराचार्य ग्रहाच्या दोन गतींत भेद करतात. आजच्या व उद्याच्या स्थानांतील अंतर ही दैनंदिन गती स्थूल होय. विवक्षित क्षणीची ती तात्कालिक गती, आणि ती सूक्ष्म. चंद्राची गती लवकर पालटत असल्यामुळे तिथीच्या शेवटाची वेळ काढताना तात्कालिक गतीच घ्यावी, असे ते बजावतात. ती काढण्यासाठी ज्येतील वाढ कोटिज्येच्या प्रमाणात असते हा नियम त्यांनी योजिला आहे. नियमाचा उगम दहाव्या शतकातील मुंजालाच्या ग्रंथात दिसतो. पण तो कशासाठी हवा हे भास्कराचार्यांनी स्पष्ट केले.

‘गोलाध्याया’त गोलाच्या पृष्ठफळाची चर्चा आहे. लल्लाने वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघाने गुणावे असे सांगितले होते. त्याचे खंडन करून, पृष्ठफळ हे वर्तुळक्षेत्राच्या चौपट असते हे भास्कराचार्यांनी सिद्ध केले. त्यासाठी गोलाचे दोन ध्रुवांमधून जाणाऱ्या रेषांनी समान फाळके पाडले, प्रत्येक फाळक्याचे आडवे अरुंद पट्टे केले आणि चोवीस ज्यांच्या बेरजेवरून पट्ट्यांचे एकूण फळ काढले. अतिसूक्ष्म भागांच्या बेरजेने वक्र पृष्ठाचे माप काढण्याची ही कल्पना फलदायी होती. तथापि तीमधून चलनकलनाचे सर्वसाधारण शास्त्र त्यांनी उभारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी विशिष्ट प्रश्न सोडविले, आणि त्या प्रश्नांच्या मर्यादेत ते अचूक सोडविले.

शून्याच्या बाबतीत त्यांचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही एकत्र दिसतात. शून्याने भागलेल्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात आणि तीत काही मिळविले वा वजा केले तरी तिच्यात विकार होत नाही, असे सांगतात. शून्याने गुणलेल्या राशीस पुन्हा शून्याने भागावयाचे असेल तर मूळ राशी अविकृत समजावी, असाही नियम ते देतात. या नियमाने सोडविलेल्या त्यांच्या उदाहरणात एका राशीला शून्याने गुणून, तीत तिचे अर्ध मिळवून, तिपटीने वाढवून, शून्याने भागले असता ६३ येतात, उत्तर १४. आधुनिक तर्काला हा नियम तसाच मान्य होणार नाही. पण शून्याऐवजी शून्याकडे झुकणारी राशी घेतली तर उत्तर बरोबर ठरते. ज्योतिषगणितात या प्रकाराचा उपयोग होतो असे त्यांनी म्हटले आहे, त्याचा रोख तिकडेच असावा.

७. ग्रंथ कशाने जगतात?

चंगदेवाच्या मठाला पुढे किती काळ स्वास्थ्य लाभले? देवगिरीवर इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीनाची स्वारी झाली आणि इ. स. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपले. ज्या राज्याच्या आश्रयाने बाजाराचे उत्पन्न मठाकडे वळविले होते ते राज्यच राहिले नाही. मात्र ग्रंथ टिकले. ‘लीलावती’वरील प्रमुख टीका कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४६७ (इ. स. १५४५) मध्ये लिहिली, ‘बीजगणिता’वरील प्रसिद्ध टीका विदर्भातून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने रचली, केरळातील गणितज्ञांनीही ‘लीलावती’वर विस्तृत विवरण केले. फैजीनंतर इ. स. १६३४ च्या सुमारास ‘बीजगणित’ही फारसीत गेले. इ. स. १८१६ मध्ये टेलर यांचे ‘लीलावती’चे आणि इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे दोन्ही ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

चिनी इतिहासाशी याची तुलना उद्बोधक आहे. तेथे इ. स. ६५६ मध्ये राजाज्ञेने दहा गणितग्रंथ सरकारी विद्यालयासाठी संपादित झाले आणि इ. स. १०८४ मध्ये ते छापलेही गेले. राजसत्तेचे पाठबळ त्यांना पाटणच्या मठाहून किती तरी अधिक होते. तरीही पुढे मिंग राजवटीत प्रगत गणिताचे अध्ययन मंदावले, चिन् च्यु-शाओची रीत समजून घेणारे विरळ झाले आणि अठराव्या शतकापासूनच्या संशोधकांना ती पुन्हा परिश्रमाने उलगडावी लागली. ग्रंथ हाती असूनही रीतीचे विवरण थांबले की ज्ञान निर्जीव होते, हे त्यावरून दिसते. उलट भास्कराचार्यांचे ग्रंथ मूळ मठ मोडल्यावरही जिवंत राहिले, कारण त्यांच्याबरोबर त्यांची उपपत्ती होती, आणि प्रत्येक पिढीत कोणीतरी ती नव्याने समजावून सांगत होता.

या दृष्टीने पाटणच्या लेखातील अट महत्त्वाची आहे. चंगदेवाने पितामहाचे मंदिर किंवा स्मारक उभारले नाही. ग्रंथ नुसते जपून ठेवावेत असेही म्हटले नाही. ते विवरून सांगितले जावेत अशी अट घातली आणि त्या कामाचा खर्च घाण्यामागच्या पळीभर तेलापर्यंत लावून दिला. भास्कराचार्यांचे चरित्र लिहिताना जन्मस्थानाचा वाद जितक्या हिरीरीने चालतो तितक्या हिरीरीने त्यांच्या रीतींचे अध्यापन चालत नाही. ‘लीलावती’तील एखादे उदाहरण कुट्टकाने, किंवा ६१ ची वर्गप्रकृती चक्रवालाने, विद्यार्थ्याकडून फळ्यावर पायरीपायरीने सोडवून घेणे, आणि प्रत्येक पायरी का बरोबर आहे हे त्याला विचारणे, एवढ्याने लेखातील ती अट आजही पुरी करता येते.